फोनची बॅटरी बदलण्याआधी: दुखणं नेमकं कुठे आहे ते कसं ओळखायचं

दुरुस्तीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. दुकानात येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "बॅटरी गेली, बदलून द्या." फोन तपासायला घेतला की कितीतरी वेळा बॅटरी धडधाकट निघते. कुणाच्या घरात रेंज नसते, कुणाच्या चार्जिंग जॅकमध्ये खिशातला कापूस भरलेला असतो, कुणाचं एखादं ॲप रात्रभर जागं असतं. अशा वेळी बॅटरी बदलली तर पैसे जातात आणि तक्रार जागेवरच राहते. हे टाळावं म्हणून धागा काढतोय.

पहिली परीक्षा घरच्या घरी करता येते. रात्री झोपताना टक्केवारी बघून ठेवा, फ्लाइट मोड लावा, वायफाय आणि ब्लूटूथही बंद करा. सकाळी उठल्यावर पुन्हा बघा. चांगल्या स्थितीतला फोन एवढ्या वेळात दोन-चार टक्के खातो. तेवढंच उतरलं असेल तर बॅटरी आणि बोर्ड (फोनमधलं मुख्य सर्किट) ठीक आहेत, दिवसा जे खातंय ते नेटवर्क किंवा ॲप. फ्लाइट मोडमध्येही वीस-पंचवीस टक्के गेले तर मामला आतला आहे. बॅटरी थकली असेल, बोर्डावर कुठेतरी बारीक शॉर्टिंग असेल (पाणी जाऊन आलेल्या फोनमध्ये हे फार दिसतं), नाहीतर एखादं ॲप नेट नसतानाही प्रोसेसरला झोपू देत नसेल. ही शेवटची शंका फेडायची असेल तर तीच परीक्षा सेफ मोडमध्ये करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर मेन्यूतलं 'पॉवर ऑफ' दाबून धरलं की सेफ मोडचं विचारतो. त्यात तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. तिथे बॅटरी टिकली तर चोर ॲपमध्येच आहे.

दुसरं लक्षण अगदी वेगळं. टक्केवारी तीस दाखवते, कॅमेरा उघडला, फ्लॅश मारला आणि फोन बंद. चार्जरला लावला की लगेच पुन्हा वीस-पंचवीस टक्के दिसतात. हे मात्र बॅटरीचंच. बॅटरीचा सेल जुना झाला की त्याचा आतला रोध, म्हणजे वीज वाहायला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेऱ्याला एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज झटकन खाली बसतं आणि फोन स्वतःला सांभाळायला बंद होतो. इथे सेटिंग्जमध्ये कितीही खटाटोप केला तरी फरक पडत नाही. आयफोनमध्ये 'बॅटरी हेल्थ'मध्ये क्षमता दिसते. ती ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदलायचा विचार करावा. काही अँड्रॉइड फोनही आता हे दाखवू लागलेत.

तिसरं, "चार्जच होत नाही" किंवा "केबल वाकडी धरली तरच होतो". जॅक बदलायच्या आधी आत बघा. मायक्रोस्कोपखाली धरला तर आत जीन्सचे निळे-करडे तंतू, धूळ आणि खिशातली बारीक भुकटी थरावर थर दाबली जाऊन तळाशी पक्की बसलेली असते. आपणच रोज केबल घालून ती ठासत असतो. मग पिन पूर्ण आत जात नाही, बसल्याचा 'टक्' जाणवत नाही आणि बाहेरून पाहिलं तर केबलचा धातू जरा जास्तच दिसतो. फोन बंद करा, चांगल्या उजेडात लाकडी टूथपिकने कडेकडेने अलगद उकरा. टाइप-सीमध्ये मधोमध पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नका. टाचणी, सेफ्टी पिन, सुई अजिबात नको. तोंडाने फुंकरही नको, आत ओल जाते.

आपापली तक्रार लिहा. फोन किती जुना, राहता कुठे, चार्जर कुठला, एवढं सांगितलंत तर नेमकं बोलता येईल.

शेवंती

फार उपयोगी धागा दादा. माझ्या आईचा प्रश्न आहे. ती संगमेश्वरजवळच्या गावात असते. फोन वर्षभरापूर्वी घेतला, माझ्याकडेही हाच आहे. मी मुंबईत दिवसभर वापरूनही रात्री चाळीस टक्के उरतात. आई दिवसातून दोन-तीन फोन करते, थोडं व्हॉट्सॲप बघते, तरी संध्याकाळी पाचला फोन मान टाकतो. गावातल्या दुकानदाराने बॅटरी बदलायला सांगितलंय.

दुरुस्तीवाला

ताई, बॅटरी बदलू नका अजून. आई मुंबईला आल्या की तोच फोन व्यवस्थित चालतो का, ते आठवून बघा. माझा अंदाज रेंजचा आहे.

टॉवर जवळ असला की फोन अगदी हळू आवाजात बोलतो. टॉवर लांब, मध्ये डोंगर, घर जांभ्याच्या जाड भिंतींचं, की त्याला पूर्ण ताकद लावावी लागते. ४जीवर फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅटने पाठवतो. टॉवरखाली उभा असताना त्याच्या हजाराव्या हिश्श्यातही भागतं. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस', तिथे सिग्नलचा आकडा उणे चिन्हासह दिसतो. उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११५ म्हणजे फोन धडपडतोय. दर दहा अंकांनी सिग्नल दहापट कमजोर होतो, म्हणून आकड्यातला फरक वाटतो त्याहून पुष्कळ मोठा असतो.

करायचं काय? 'प्रेफर्ड नेटवर्क' ४जी करा. आपल्याकडे ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण बऱ्याच गावांत ते ये-जा करतं आणि फोन सारखा ४जी-५जी अशा उड्या मारत बसतो. फोनमध्ये दुसरं सिम असेल आणि त्याला तिथे रेंजच नसेल तर ते सेटिंग्जमधून बंद करा. रेंज नसलेलं सिम टॉवर शोधत राहतं आणि ते बोलण्यापेक्षाही महाग पडतं. घरात ब्रॉडबँड असेल तर 'वायफाय कॉलिंग' चालू करा, जिओ आणि एअरटेल दोघांकडे आहे. आणि फोन माजघरात ठेवण्यापेक्षा पडवीत किंवा खिडकीशी ठेवायला सांगा.

शेवंती

माजघरातच असतो, देवाच्या फळीवर! आणि दुसरं सिमही आहे, जुन्या कंपनीचं, त्याला गावात कांडीसुद्धा येत नाही. आज रात्रीच फोन करून सांगते.

घाटवाट

शेवंतीताईंच्या प्रश्नाला जोडून. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी हे करून बघा. चिपळूण ते रत्नागिरी पट्ट्यात बोगद्यांमागून बोगदे येतात, एकटा करबुड्याचाच साडेसहा किलोमीटरचा आहे. फोन दर वेळी रेंज हरवतो, शोधतो, सापडली की पुन्हा हरवतो. तेवढा पट्टा फ्लाइट मोड लावला तर सावंतवाडीला उतरताना रिक्षावाल्याला फोन करण्यापुरती बॅटरी हमखास उरते. ट्रेकला तर मी किल्ला चढायला लागलो की लगेच लावतो. फ्लाइट मोडमध्ये बहुतेक फोनचं जीपीएस चालू राहतं, त्यामुळे आधी उतरवून ठेवलेला नकाशा वापरता येतो. ज्यांना घरी कळवायचं असतं त्यांनी वर माथ्यावर पोचल्यावर दोन मिनिटं फ्लाइट मोड काढावा.

वऱ्हाडी_ऊन

भाऊ, अकोल्याहून लिहितो. माझं काम दिवसभर गाडीवर फिरायचं, पार्सल पोचवायचं. फोन हँडलवरच्या होल्डरला, नकाशा चालू, गाडीच्या यूएसबीवर चार्जिंग चालू. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्क्रीन आपोआप अंधूक होते, ऊन असल्यानं काहीच दिसत नाही. चार्जिंग लावलं तरी टक्के वाढत नाहीत, कधी कधी उतरतात. दीड वर्षात फोन पार ढिला झाला. दुकानदार म्हणतो चार्जर बदला. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको.

दुरुस्तीवाला

भाऊ, तुमच्यासारख्यांचे फोन बघितले की फार वाईट वाटतं, कारण पोट त्या फोनवर चालतं आणि तोच सगळ्यात आधी मरतो.

स्क्रीन अंधूक होणं आणि चार्जिंग अडणं हा बिघाड नाही. फोन तापला की तो स्वतःहून चार्जिंगचा करंट कमी करतो, उजेड उतरवतो, प्रोसेसर मंद करतो. ॲपलच्या सूचनेत ३५ अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरला तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असं लिहिलंय. अकोल्यात मेमध्ये सावलीतच त्याच्या कितीतरी वर असतं. त्यात वरून थेट ऊन, आतून नकाशा आणि मोबाईल डेटा, वर चार्जिंगची उष्णता. तिन्ही एकाच वेळी.

यातली दोन तरी वेगळी करा. दुपारी फोन गाडीवर चार्ज करू नका. सकाळी भरून निघा, दुपारी जेवायला थांबाल तिथे सावलीत, कव्हर काढून अर्धा तास लावा. शहराचा नकाशा वायफायवर आधीच उतरवून ठेवा. रोजचा भाग असेल तर स्क्रीन बंद करून, एका कानात इअरफोन घालून आवाजावर चाला. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणारे लोक आहेत, ते मात्र करू नका. आत दव धरतं आणि मग बोर्ड जातो.

आणखी एक गोष्ट होल्डरची. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. रबरी दट्ट्या असलेला, थरथर शोषणारा होल्डर मिळतो, तो घ्या. पुढचा फोन घेताना शक्य असेल तर कामाचा स्वस्त फोन वेगळा आणि घरचा वेगळा ठेवा.

जुनी_सायकल

मी निवृत्त माणूस. पहिला मोबाईल घेतला तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, आणि महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणून मगच भरा. मी आजही ते पाळतो. इथे कुणीच त्याचा उल्लेख केला नाही म्हणून विचारतो.

प्रयोगशाळा

काका, मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून उत्तर देते. तुम्हाला सांगितलं गेलं ते त्या काळच्या बॅटऱ्यांना लागू होतं. निकेल-कॅडमियम सेल अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरला की त्याची उपयोगी क्षमता घटल्यासारखी व्हायची, त्यावर पूर्ण उतरवणं हा खरा उपाय होता. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन आहे. ती १९९१ मध्ये सोनीने पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या सेलला अशी सवय लागतच नाही. उलट शून्यावर नेणं तिला त्रासदायक आहे. टक्केवारीचा आकडा भलतंच दाखवायला लागला तर एखाद्या वेळी पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने आकडा ताळ्यावर येतो, पण त्याने सेलची तब्येत सुधारत नाही.

हा सेल म्हातारा कसा होतो ते थोडं सांगते, कारण बाकी सगळे सल्ले त्यातूनच येतात. आत एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला बहुधा कोबाल्ट असलेलं ऑक्साइड, मध्ये सेंद्रिय द्रावण. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ साय धरते, ती आवश्यक असते. पण ती हळूहळू जाड होत जाते आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम म्हणजे गेलेली क्षमता. दोन गोष्टी हा ऱ्हास वेगाने घडवतात: उष्णता आणि वरचं व्होल्टेज. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज ४.२ ते ४.४५ च्या घरात असतं, आणि तिथे तो जितका जास्त वेळ राहील तितकं नुकसान.

अंदाज यावा म्हणून नेहमी दिले जाणारे आकडे: २५ अंशांवर ४० टक्के भरलेला सेल वर्षभर नुसता ठेवला तर सुमारे ९६ टक्के क्षमता उरते, तोच पूर्ण भरून ठेवला तर सुमारे ८०. आणि ४० अंशांवर पूर्ण भरून ठेवला तर ६५ च्या आसपास. न वापरता.

जुनी_सायकल

नीट समजावलंत, आभार. मग रात्रभर चार्जिंगला लावणं वाईट का? नातू म्हणतो फुटेल.

प्रयोगशाळा

चांगल्या फोनने आणि चार्जरने फुटत नाही काका, भरल्यावर चार्जिंग थांबतं. नुकसान वेगळं आहे. रात्री एकला शंभर झाले तर सकाळी सातपर्यंत तो वरच्या व्होल्टेजवर बसून राहतो. उशीखाली किंवा गादीवर असेल तर उष्णताही साठते. म्हणूनच आता फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबून, उठायच्या वेळेच्या आसपास उरलेलं भरण्याची सोय असते. नाव प्रत्येक कंपनीत वेगळं, 'ॲडाप्टिव्ह चार्जिंग', 'ऑप्टिमाइज्ड चार्जिंग', 'बॅटरी प्रोटेक्शन' असं काहीतरी. ती चालू करा. आणि फोन टीपॉयवर, उघडा ठेवा.

कोरा_कागद

८० वर कायमचं थांबवायला माझा विरोध आहे. दोन वर्षांनी क्षमता ८० होईल या भीतीने आजपासूनच ८० वापरायची? फोन आपल्यासाठी आहे की आपण फोनसाठी?

प्रयोगशाळा

मुद्दा रास्त आहे आणि उत्तर माणसागणिक बदलतं. रात्री घरी येताना तुमच्या फोनमध्ये चाळीस टक्के उरत असतील तर वरचे वीस टक्के तुम्ही वापरतच नाही, तिथे मर्यादा घालण्यात काही गमावत नाही. दिवसभर बाहेर असाल तर खुशाल शंभर करा, भरल्यावर लगेच वापरायला लागा म्हणजे झालं. भरून तासन् तास ठेवणं टाळायचं. माझ्या घरी सासऱ्यांचा फोन ८० वर थांबतो, माझा शंभरपर्यंत जातो.

बर्फाळ_वाट

टोरांटोहून. आमच्याकडे उलटं दुखणं. जानेवारीत उणे पंधरा-वीसला बसस्टॉपवर फोन बाहेर काढला की चाळीस टक्के असतानाही बंद पडतो. घरात आल्यावर चालू होतो आणि टक्केही परत येतात. ही बॅटरी गेली का?

प्रयोगशाळा

नाही. थंडीत आयनांची हालचाल मंदावते, आतला रोध तात्पुरता वाढतो, आणि वर दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं तसं व्होल्टेज खाली बसतं. ऊब मिळाली की पूर्ववत. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. एक गोष्ट मात्र पाळा: गोठलेला फोन आल्या आल्या चार्जरला लावू नका. शून्याच्या खाली चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता वर धातू म्हणून साचतं, ते नुकसान कायमचं असतं. लेह-लडाखला जाणाऱ्यांनाही हेच सांगते. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

ठिपक्यांची_रांगोळी

डार्क मोडने बॅटरी वाचते हे खरं का? आणि मागची ॲप्स सारखी वर सरकवून बंद करावीत का?

घाटवाट

डार्क मोडचा फायदा ओएलईडी किंवा अ‍ॅमोलेड स्क्रीन असेल तरच, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. साध्या एलसीडीत मागचा दिवा चालूच असतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात असं दिसलं की उजेड तीस ते पन्नास टक्क्यांवर असताना डार्क मोडने सरासरी फक्त ३ ते ९ टक्के वाचतात, पण उजेड पूर्ण असेल तर ३९ ते ४७. म्हणजे घरात बसून फार फरक नाही, उन्हात आहे. रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) १२० वरून ६० वर आणला तर मला त्याहून जास्त फरक जाणवतो.

दुरुस्तीवाला

ॲप्स वर सरकवून बंद करण्याने बॅटरी वाचत नाही. जे ॲप तुम्ही दहा मिनिटांनी पुन्हा उघडणारच आहात ते मेमरीतून काढलं तर परत पहिल्यापासून उभं करायला जास्त खर्च होतो. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून असला की मागच्या ॲप्सना झोपवण्याची व्यवस्था आतच आहे. एखादं ॲप अडकलं असेल तेवढंच बंद करा.

आणि 'बॅटरी सेव्हर', 'क्लीनर', 'रॅम बूस्टर' नावाची ॲप्स दिसली की काढून टाका. टेबलावर येणाऱ्या हँग फोनमध्ये ही असतातच. स्वतः जागी राहतात, जाहिराती दाखवतात, आणि काही तर 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ती दिली की ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं, बँकेचंसुद्धा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये ही परवानगी कुणाकुणाला दिलीय ते आजच बघा.

केळीचं_पान

माझी तक्रार वेगळी. व्हॉट्सॲपचे मेसेज उशिरा येतात, ॲप उघडलं की एकदम धो-धो. आणि चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन वेड्यासारखी वागते, आपोआप टाइप होतं. डिस्प्ले बदला म्हणतात, खर्च फोनच्या किमतीच्या निम्मा आहे.

दुरुस्तीवाला

डिस्प्ले बदलू नका! चार्जर काढल्यावर स्क्रीन शहाण्यासारखी वागते ना? मग फोल्डर (आमच्या भाषेत काचेसकट अख्खा डिस्प्ले) ठीक आहे. बोट टेकलं की काचेखालच्या जाळीत विद्युतधारितेचा, म्हणजे विजेचा भार धरून ठेवण्याच्या क्षमतेचा, किंचित बदल होतो, त्यावरून स्क्रीनला स्पर्श कळतो. हलक्या चार्जरमध्ये विजेतली खरखर गाळायचे भाग कंजूषपणे बसवलेले असतात, ती खरखर स्क्रीनला स्पर्शासारखी वाटते. दुसऱ्या चांगल्या चार्जरवर लावून बघा. चार्जर घेताना त्यावर आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतं.

मेसेजचं कारण बहुतेक बॅटरी वाचवण्याचं सेटिंग. ॲप्समध्ये व्हॉट्सॲप, त्यात बॅटरी, तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं असतं, तेही द्या. सगळ्या ॲप्सना देऊ नका, ज्यांचा निरोप वेळेवर हवा त्यांनाच.

शेवंती

पाऊस तोंडावर आहे म्हणून विचारून ठेवते. फोन भिजला तर तांदळात ठेवायचा ना?

दुरुस्तीवाला

नको ताई. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पिठी आणि कण जॅकमध्ये जातात. ॲपलनेही २०२४ मध्ये तांदूळ वापरू नका असं स्पष्ट लिहिलं. फोन भिजला की लगेच बंद करा, केबल काढा, सिमचा ट्रे काढा, जॅक खाली करून हातावर हलके आपटा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. 'ओलावा आढळला' अशी सूचना येत असेल तर ती जाईपर्यंत केबल लावू नका. ओल्या जॅकमध्ये करंट गेला की पिना हिरव्या पडून गंजतात. फोन नुसत्या पावसात भिजला तर एक दिवस थांबून बघता येतं. समुद्रात किंवा चहात पडला तर थांबू नका, त्याच दिवशी दुकानात न्या. मीठ आणि साखर बोर्डावर राहिली की गंज आत चालूच राहतो. आणि एकदा उघडून दुरुस्त केलेला 'वॉटरप्रूफ' फोन पूर्वीइतका वॉटरप्रूफ राहतो असं धरून चालू नका.

कोरा_कागद

वडिलांचा फोन फार मंद झालाय. रिसेट मारू का?

दुरुस्तीवाला

आधी स्टोरेज बघा. जवळपास भरलेला फोन मंद होतोच, मेमरी चिपला नवीन लिहायला मोकळी जागा लागते. व्हॉट्सॲपमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा, सुप्रभातची चित्रं आणि पाच-पाच वेळा फिरून आलेले व्हिडिओ तिथे आकारानुसार सापडतील. ग्रुपचं आपोआप डाउनलोड बंद करा. पाचवा हिस्सा मोकळा झाला की बहुतेक फोन सुधारतो.

रिसेट शेवटी. आणि त्याआधी वडिलांचा गुगलचा पासवर्ड माहीत आहे का ते खात्रीने तपासा, नुसतं "लिहून ठेवलाय" यावर विसंबू नका. फोन अडकून बसला म्हणून बटणांनी रिसेट मारला तर तो चालू होताना जुनंच खातं मागतो. चोराला रोखायला केलेली सोय आहे, पण दुकानात येऊन रडवेले झालेले आजी-आजोबा मी बघतो. खातं दुकानात काढून दिलेलं असतं, नंबर जुना, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. आजच त्यांच्या शेजारी बसून पासवर्ड नवा करा आणि चालू नंबर जोडा.

ठिपक्यांची_रांगोळी

बॅटरी खरंच बदलायची ठरली तर फोन दुकानात सोडायला भीती वाटते, फोटो असतात. आणि कपाटात एक जुना फोन आहे, त्याची पाठ थोडी वर आलीय. त्यात मुलीचे लहानपणीचे फोटो आहेत. चार्ज करून काढून घेऊ का?

दुरुस्तीवाला

ताई, आधी दुसरं. पाठ वर आलीय म्हणजे बॅटरी फुगलीय, आत वायू साठलाय. चार्जरला लावू नका, दाबून पाठ बसवायचा प्रयत्न करू नका, टोक लागू देऊ नका. कपाटातल्या कपड्यांमधून काढून फरशीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. मग कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अनुभवी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि स्पष्ट सांगा, "बॅटरी बदलून फोन चालू करा, डेटा हवा आहे." बोर्ड ठीक असेल तर फोटो जागेवर असतात. काढलेली बॅटरी घरी आणू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, सेवा केंद्रात द्या.

चालू फोनबद्दल: पिन कुणालाही सांगायची गरज नाही, बॅटरी बदलायला लॉक उघडावं लागत नाही. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो. तो लावून दिला की आम्हाला स्क्रीन, स्पीकर तपासता येतात, पण फोटो-मेसेज दिसत नाहीत. तुमच्या फोनमध्ये ही सोय नसेल तर बॅकअप घ्या आणि शक्य असेल तर समोर बसून बदलून घ्या. वेळ फार लागत नाही. जुनी बॅटरी समोर काढून दाखवायला सांगा, नवीवर छापलेली उत्पादनाची तारीख बघा. दोन-तीन वर्षं दुकानात पडून असलेली बॅटरी 'नवी' म्हणून घेऊ नका, ती पडून राहूनही म्हातारी होते. बदलल्याचं बिल मागा, त्यावर वॉरंटी किती महिन्यांची ते लिहून घ्या.

ठिपक्यांची_रांगोळी

जुना फोन आत्ताच काढून गॅलरीतल्या फरशीवर ठेवला. गॅलरीत दुपारी ऊन येतं, चालेल?

दुरुस्तीवाला

नको, उन्हात नको. मोरीच्या कोरड्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली सावलीत ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही असं. उद्या नेताना पिशवीत दाबून नेऊ नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात न्या.